टी-टेस्टची गणितं सुटतात, पण कळत नाहीत

प्रश्न : मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, विषय संख्याशास्त्र. वन-सॅम्पल टी-टेस्टची, म्हणजे एका नमुन्याच्या सरासरीवरून एखादा दावा तपासण्याची, गणितं बरोबर येतात, पण आपण नेमकं काय करतोय ते कळत नाही. मला डेटा ॲनालिस्ट व्हायचंय. हा भाग परीक्षेपुरता करून मशीन लर्निंगचा क्लास लावू का? बाबा फी भरायला तयार आहेत.

उत्तर : क्लास सहा महिने थांबू शकेल, हा धडा मात्र मागे टाकू नकोस. कळत नाही हे तुला स्वतःहून जाणवलं, याचा मला मनापासून आनंद झाला. पुष्कळ मुलं सूत्रात आकडे घालून पुढे जातात आणि मुलाखतीत अडकतात.

समज, दुधाच्या पिशवीवर ५०० मिली छापलंय. तू चिठ्ठ्या टाकून १६ पिशव्या निवडून मोजल्यास. सरासरी ४९७ मिली, प्रमाण विचलन (पिशव्या सरासरीपासून साधारण किती इकडे-तिकडे आहेत ते) ४ मिली. आता ही ३ मिलीची तूट खरी, की नेमक्या कमी भरलेल्या पिशव्याच हाती लागल्या? दुसऱ्या १६ उचलल्या असत्या तर सरासरी साधारण किती हलली असती, हे आधी कळायला हवं. तेच सांगतो स्टँडर्ड एरर. ४ ला १६ च्या वर्गमुळाने भागलं की १ मिली. तूट त्याच्या तिप्पट, म्हणून टी उणे ३. डिग्रीज ऑफ फ्रीडम (इथे पिशव्यांची संख्या वजा एक) १५ असताना ५ टक्के पातळीची सीमा, म्हणजे दावा खरा असेल तर शंभरात पाचच वेळा ओलांडली जाणारी, उणे-अधिक २.१३१ आहे. ती ओलांडली गेली, तेव्हा ५०० चा दावा नाकारायचा. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी सरासरी जिथे असू शकेल तो पट्टा, येतो ४९४.९ ते ४९९.१. हा इंटरव्हल नेहमी लिहीत जा; तूट किती असू शकेल हे डेअरीच्या मॅनेजरला त्यातूनच कळतं.

मोठ्या नमुन्यांना चालणारी नॉर्मल वक्राची १.९६ ही सीमा सोडून २.१३१ का? डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर तयार करण्याच्या कामात असलेल्या विल्यम गॉसेटला हाच प्रश्न पडला होता. मोजक्या नमुन्यांवरून काढलेलं प्रमाण विचलनच डळमळीत असतं, त्यामुळे सीमा थोडी लांब न्यावी लागते. १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने हे उत्तर प्रसिद्ध केलं.

चिठ्ठ्या टाकून निवडल्या, हेही महत्त्वाचं. सगळ्या पिशव्या एकाच क्रेटमधून उचलल्यास तर टी कितीही येवो, तो त्या क्रेटपुरताच. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात उत्पादनाचा अंदाज घेणाऱ्या पीक कापणी प्रयोगांत शेतातला तुकडा यादृच्छिक पद्धतीने निवडण्यावर भर दिला, तो याचसाठी.

आता एक काम कर. स्प्रेडशीटमध्ये सरासरी ५०० आणि विचलन ४ धरून १६-१६ आकड्यांचे हजार नमुने तयार कर आणि प्रत्येकाची सरासरी व टी काढ. टी उणे ३ च्या खाली किंवा ३ च्या वर किती वेळा जातो ते मोज. शंभरात एखाद्याच वेळी जाईल. तीच पी-व्हॅल्यू : दावा खरा असता, तर इतका किंवा याहून टोकाचा टी किती वेळा दिसला असता. ‘दावा खरा असण्याची शक्यता’ असं तिला म्हणू नकोस. मुलाखत घेणारे नेमकं तिथेच पकडतात.

हे हातात बसलं की दोन नमुन्यांची तुलना, ए-बी टेस्टिंग (दोन पर्यायांतला कोणता सरस ते तपासणं), रिग्रेशनमधल्या (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधण्यातल्या) गुणकांची चाचणी, सगळीकडे हीच मांडणी भेटेल. औषध कंपन्यांतलं बायोस्टॅटिस्टिक्स आणि कारखान्यांतलं क्वालिटी कंट्रोल याच मांडणीचा आधार घेतात. यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा पदवीनंतर देता येते, तिच्या अभ्यासक्रमातही हा भाग आहे.

पायथन शीकच, पण हजार नमुन्यांचा हाच प्रयोग त्यात पुन्हा करून. त्यासाठी फीची गरज नाही. बाबांना दुधाच्या पिशवीचं हे उदाहरण कागद न बघता समजावून सांग. ते त्यांना पटलं, की मग क्लासचं बघू.