ईसीए दोघांचंही करा, मुख्य अर्जदार कोण ते मग ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांनी डिप्लोमा करून लॅटरल एन्ट्रीनं (थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन) व्हीटीयूची, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची, बीई केली. तुमची बीएस्सी आणि एमएस्सी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, आणि तुम्ही खानापुरात पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजला शिकवता. एजंट म्हणतो, कॅनडासाठी मिस्टरांच्या पदवीचं मूल्यांकन (ईसीए, म्हणजे आपली पदवी कॅनडात कोणत्या पातळीची ते सांगणारा रिपोर्ट) पुरे, तुमच्यावर कशाला खर्च?

खर्च वाचवायची ही जागाच नव्हे. आधी गणित बघा. एक्सप्रेस एन्ट्रीत, म्हणजे गुण मोजून पीआर (कायम वास्तव्य) देण्याच्या कॅनडाच्या पद्धतीत, जोडीदारासह अर्ज केला की मुख्य अर्जदाराच्या बॅचलर्सला 112 गुण आहेत आणि मास्टर्सला 126. जोडीदाराच्या शिक्षणाचे बॅचलर्सला 8, मास्टर्सला 10. म्हणजे मिस्टर पुढे आणि तुम्ही जोडीदार, तर 112 अधिक 10, झाले 122. तुम्ही पुढे, तर 126 अधिक 8, म्हणजे 134. आणि खरी गंमत पुढेच आहे. शिक्षण आणि इंग्रजी एकत्र धरून वेगळे गुण मिळतात. आयईएल्टीएसला ऐकण्यात 8 आणि बाकी तिन्हींत 7 आले तर एकट्या बॅचलर्सला तिथं 25 मिळतात, मास्टर्सला 50. दोन्ही मिळून 37 गुणांचा फरक झाला, आणि एजंट नेमका तोच कागद काढू नका म्हणतोय. शिवाय ईसीए नसेल तर जोडीदार म्हणूनसुद्धा तुमच्या शिक्षणाचा एक गुण धरत नाहीत.

अर्थात वय, इंग्रजी आणि अनुभवाचे गुण दोघांचेही मांडून बघावे लागतील. एक्सप्रेस एन्ट्रीतल्या फेडरल स्किल्ड वर्कर या योजनेत मुख्य अर्जदाराला गेल्या दहा वर्षांतला सलग एक वर्षाचा पगारी अनुभव लागतो, आठवड्याला 30 तासांच्या हिशोबानं, म्हणजे 1,560 तास. अर्धवेळ काम असेल तर तेवढेच तास जास्त महिन्यांत भरले तरी चालतात. तुम्ही कायम आहात की गेस्ट लेक्चरर, ते लिहिलं नाही. गेस्ट असाल तर कॉलेजच्या पत्रात आठवड्याचे तास, पगार आणि कामाचं स्वरूप आलंच पाहिजे. 'या आमच्याकडे कार्यरत आहेत' एवढ्या दोन ओळींच्या दाखल्यावर भागणार नाही.

मिस्टरांचा डिप्लोमा आणि बीई 'दोन पदव्या' धरून 119 मिळतील, असंही एजंट म्हणाला म्हणता. ते रिपोर्ट आल्याशिवाय धरून चालू नका. लॅटरलवाल्याच्या बीईला पहिलं वर्ष नसतं, तिसऱ्या सेमिस्टरपासून मार्क्स कार्डं असतात, त्यामुळे डिप्लोमा त्या पदवीचाच भाग धरला जाऊ शकतो. म्हणून डिप्लोमाची मार्क्स कार्डंही जोडून ठेवा. पहिलं वर्ष कुठं गेलं, हा प्रश्न मग येत नाही.

आता कागद. आपल्याकडे सगळ्यांचा गोंधळ इथंच होतो, कारण ज्या कॉलेजात शिकलो तिथंच सगळं मिळेल असं वाटतं. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठ देतं. पदवीच्या कागदावर वर कुणाचं नाव छापलंय ते बघायचं आणि तिकडंच जायचं. मिस्टरांचं सोपं, व्हीटीयू बेळगावजवळ मच्छ्याला, खानापूर रोडवरच आहे. पण घरात थोरले कुणी इंजिनिअर असतील तर त्यांची पदवी धारवाडची निघेल, कारण व्हीटीयू 1998 ची. बीए-बीकॉमवाल्यांचंही तसंच. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 मध्ये झालं, त्याआधीची पदवी कर्नाटक विद्यापीठाची, मग धारवाड गाठायचं. तुम्हाला कोल्हापूरला विद्यानगरात जावं लागेल. निघण्याआधी अर्ज ऑनलाइन आहे का ते विद्यापीठाच्या साइटवर बघा.

ईसीए वेसकडून (डब्ल्यूईएस, पदव्यांचं मूल्यांकन करणारी संस्था) करणार असाल तर आधी त्यांच्या साइटवर खातं काढा. रेफरन्स नंबर मिळतो, तो विद्यापीठाच्या फॉर्मवर आणि लिफाफ्यावर लिहायचा असतो. कागदी पाठवायचं झालं तर लिफाफा विद्यापीठानंच बंद करायचा, मागच्या झाकणपट्टीच्या जोडावर सही-शिक्का अर्धा इकडं अर्धा तिकडं पडला पाहिजे. तो लिफाफा 'आत बरोबर आहे का बघू' म्हणून घरी फोडायचा नाही. बघायचंच असेल तर बंद करण्याआधी काउंटरवर मागून बघा. सेमिस्टर सुटलेलं, नावाचं स्पेलिंग चुकलेलं तिथंच सापडतं. मिस्टरांकडं कॉन्व्होकेशन सर्टिफिकेट नसून नुसतं प्रोव्हिजनल असेल तर ते आधी काढा. नोकरी लागली की बरेच जण त्या वाटेला जातच नाहीत.

नावाचं बघा. कोल्हापूरच्या मार्कशीटवर आडनाव पुढं, मग तुमचं नाव, मग वडिलांचं, तेही माहेरचं. पासपोर्टवर सासरचं. त्यासाठी मॅरेज सर्टिफिकेट जोडायचं. सब-रजिस्ट्रारकडचं कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल, आणि कॅनडा सरकारला नात्यातल्या माणसानं केलेलं चालत नाही, मग तो कितीही चांगला कन्नड मास्तर असो. जुन्या कागदावर बेळगाव आणि नव्यावर बेळगावी, याची काळजी करू नका. शहराचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून बदललं, विद्यापीठ तेच आहे.

वेसच्या साइटवर एक गोष्ट नीट निवडा. इमिग्रेशनसाठी ईसीए असंच लिहिलेलं घ्यायचं. अमेरिकेसाठीचा किंवा दुसऱ्या कामासाठीचा रिपोर्ट कॅनडाच्या सरकारला चालत नाही. ईसीएमध्ये नुसता डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट प्रकार पुरतो, विषयवार महागडा घ्यायची गरज नाही. गुण पदवीच्या पातळीचे असतात, टक्क्यांचे नाहीत. बॅकलॉग निघाले होते म्हणून लाजायचं कारण नाही. वेसशिवाय आयकॅस, आयक्वास वगैरे मान्य संस्थाही आहेत. डॉक्टर असाल तर मात्र मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडाच, आणि फार्मासिस्टला त्यांचं परीक्षा मंडळ.

रिपोर्ट पाच वर्षं चालतो, आणि प्रोफाइल भरताना तसाच पीआरचा अर्ज करतानाही तो मुदतीत हवा. म्हणून लवकर काढला तर जुना होईल अशी भीती नको, आधी करून ठेवलेलं बरं. आयईएल्टीएस दोनच वर्षं, ती मागाहून द्या.

आणि एजंट जॉब लेटर आणून 50 गुण वाढवतो म्हणाला असेल तर उठून या. ते गुण 25 मार्च 2025 पासून बंद आहेत. पैसे घेऊन तुमच्या वतीनं अर्ज करायचा अधिकार कॅनडाच्या सीआयसीसीचं (इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेचं) लायसन्स असलेल्या सल्लागाराला, तिथल्या लॉ सोसायटीच्या सदस्य वकिलाला वा पॅरालीगलला किंवा क्युबेकच्या नोटरीलाच आहे. लायसन्स नंबर मागा आणि सीआयसीसीच्या साइटवर नाव सापडतं का बघा.