तबकडीखालच्या तीन स्प्रिंगा

प्रश्न : ताई, मामांनी १९८६ साली विलायतेहून आणलेला लिन सोंडेक एलपी१२ हा रेकॉर्ड प्लेअर आता माझ्याकडे आलाय. घर साताऱ्यातला जुना वाडा, वरच्या मजल्यावर लाकडी तक्तपोशी. खोलीतून कुणी चाललं की सुई उडते. शिवाय तानपुऱ्याचा सूर हेलकावे खातो. एका ओळखीच्या गृहस्थांच्या सांगण्यावरून खाली जाड रबरी पाय घातले, तर दुखणं वाढलंच. मोटर बदलू का?

उत्तर : मोटरला हात लावू नका. रबरी पाय मात्र आजच काढा, आणि त्या गृहस्थांना चहा पाजून दुसरा विषय काढा.

एलपी१२ म्हणजे एका खोक्यात राहणारी दोन बिऱ्हाडं. मोटर वरच्या पत्र्याला पक्की. तबकडी, तिचं बेअरिंग आणि सुई धरणारा आर्म मात्र एका वेगळ्या चौकटीवर, आणि ती चौकट तीन स्प्रिंगांवर तरंगती. दोन्ही बिऱ्हाडांत संबंध काय तो एका रबरी पट्ट्याचा. ही युक्ती लिनवाल्यांची नव्हे. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९६१ च्या एआर कंपनीच्या टर्नटेबलात ती आणली, १९६५ मध्ये थोरेन्सच्या टीडी १५० मध्ये ती आली, आणि १९७३ पासून ग्लासगोच्या लिनने ती नेटाने घासूनपुसून विकली.

अशा स्प्रिंगांची स्वतःची एक लय असते, सेकंदाला साधारण तीन-चार हेलकाव्यांची. त्याहून बऱ्याच जलद थरथरीला त्या आत येऊ देत नाहीत. पण त्यांच्या लयीच्या आसपास काही आलं की उलट त्याच नाचायला लागतात. माणूस सेकंदाला दोनेक पावलं टाकतो आणि तुमची तक्तपोशी त्यावर स्वतःचं झुलणं चढवते, म्हणजे नेमकं नको तिथेच. त्यात खाली रबर घातलंत, म्हणजे स्प्रिंगेखाली आणखी एक स्प्रिंग.

तेव्हा आधी जमिनीशी काडीमोड घ्या. वाड्याच्या भिंती जाड असतात, त्याचा फायदा उठवा. दोन लोखंडी ब्रॅकेट भिंतीत बसवा, वर १८ मिमी मरीन प्लायची फळी. पांढऱ्या मातीच्या भिंतीत नुसता प्लग धरत नाही, गवंड्याकडून सिमेंटात पक्कं करून घ्या. घरात कडाप्पा पडलेला असेल तरी मोह आवरा. मला तो या कामी आवडत नाही. टिचकी मारून बघा, किती वेळ वाजत राहतो ते.

एवढ्याने सुईचं उडणं थांबेल. हेलकावणारा सूर हे दुसरं दुखणं, आणि ते जास्त मजेचं आहे. मोटर पत्र्यावर, तबकडी स्प्रिंगांवर. चौकट वर-खाली न होता आडवी किंवा गोल हलली, की मोटरची पुली आणि तबकडी यांतलं अंतर कमी-जास्त होतं, पट्टा क्षणभर सैलावतो नि ताणतो आणि तेवढ्यापुरती गती डगमगते. गाण्यात कदाचित कळणार नाही. पण तानपुरा क्षमा करत नाही. म्हणून मी जुळणी नेहमी तानपुऱ्यावर तपासते. विलंबित सुरू होण्याआधीची ती अर्ध्या मिनिटाची जोडी मला कुठल्याही टेस्ट रेकॉर्डपेक्षा जवळची.

आता कामाला लागा. प्लग भिंतीतून काढून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मगच तळाची फळी उघडा. त्या काळच्या यंत्रात मोटरला वीज पुरवणारं वॅलहाला नावाचं सर्किट असण्याची शक्यता आहे आणि त्यावर घरातल्या विजेइतकाच जबर दाब खेळतो. यंत्र उलटं किंवा आडवं करू नका. बेअरिंगच्या विहिरीत तेल असतं. मी स्वतः १९९१ साली घर बदलताना माझा एलपी१२ गाडीच्या डिकीत आडवा घातला होता. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या बाईने! लाकडावरचा तो डाग अजून आहे. पाहुण्यांना मी तो अक्रोडाचा नैसर्गिक रंग म्हणून दाखवते.

यंत्र दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर असं ठेवा की खालून हात जाईल. स्पिरिट लेव्हल लावून आधी बाहेरचं लाकडी खोकं समतल करा. तबकडी, मॅट, एक रेकॉर्ड, आर्म, काट्रिज (आर्मच्या टोकाची सुईची डबी) सगळं जागच्या जागी हवं, कारण स्प्रिंगांना रोजचंच ओझं कळलं पाहिजे. मग खालच्या तीन नटांपैकी एकेक पाव फेरा फिरवत तबकडी समतल आणा. आर्म ज्या पट्टीवर बसलाय ती लाकडाच्या पातळीत यायला हवी आणि तिच्या कडेची फट सगळीकडे सारखी दिसायला हवी. माझी तपासणी पोस्टकार्डाची : कार्ड फटीत सरकवून बघायचं, कुठे अडतं ते.

पुढचा भाग घाईने होत नाही. तबकडीच्या मधल्या दांड्याजवळ बोटाने हलकेच दाबून सोडा. तबकडी पिचकारीच्या दट्ट्यासारखी सरळ वर-खाली व्हावी आणि सावकाश शांत व्हावी. परातीतल्या पाण्यासारखी हिंदकळली, तर एखादी स्प्रिंग तिला बाजूला ढकलतेय. स्प्रिंग दिसायला सरळ असते, पण तिचं शेवटचं वेटोळं कुठेतरी एका बाजूलाच संपतं ना! म्हणून स्प्रिंग चिमटीत धरून थोडी फिरवा, पुन्हा दाबून बघा. एका वेळी एकच. मी प्रत्येक स्प्रिंगेवर नेलपॉलिशचा ठिपका देते, म्हणजे कोणती कुठे होती ते विसरायला होत नाही. पहिल्यांदा मला यात अख्खा रविवार गेला होता. जेवायला हाक मारणाऱ्यांशी मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

आणि एवढं करूनही उडी वाकडीच राहिली, तर आर्मखालून निघणारी वायर बघा. ती एका क्लिपेतून जाते. तिथे ती ताठ राहिली तर चौथ्या स्प्रिंगेसारखी चौकट ओढत राहते. क्लिप सैल करून वायरीला एक सुटसुटीत वळण द्या आणि पुन्हा बसवा. माझ्याकडे आलेल्या ‘बिघडलेल्या’ एलपी१२ पैकी निम्म्यांचं दुखणं या एका वायरीत होतं.

प्रश्न : सुईचा दाब मोजायला परदेशी काटा महाग पडतो. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर : चालेल, पण ०.०१ ग्रॅम दाखवणारा घ्या. २०११ नंतरच्या घाटाचं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं असतं, जरा नवं नाणं ठेवून काट्याची परीक्षा घ्या. सुई टेकेल ती जागा रेकॉर्डच्याच उंचीवर हवी. काट्याचं पातं लोखंडी असेल तर काट्रिजमधलं चुंबक त्याला ओढतं आणि आकडा खोटा येतो. वर प्लास्टिकची पट्टी बाहेर काढून तिच्या टोकावर मोजा. दाब किती ठेवायचा ते काट्रिजच्या कागदावर असतं. ऑर्टोफोन २एम रेडला १.८ ग्रॅम.

प्रश्न : भावाने न्यू जर्सीहून त्याचा जुना एलपी१२ पाठवला. २३० चे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लावला. चालतो, पण सगळे गायक आजारी असल्यासारखे गातात. (डोंबिवली)

उत्तर : ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. ही मोटर विजेच्या आवर्तनांच्या तालावर फिरते. तिकडे ती ६०, आपल्याकडे ५०. म्हणजे ३३⅓ ऐवजी तुमची तबकडी मिनिटाला जेमतेम २७.८ फेरे घेतेय. काळी चारचा गळा पांढरी चारच्याही किंचित खाली उतरलाय, आजारी वाटणारच. यावरून आणखी एक कळतं : तुमच्या यंत्रात स्वतःची आवर्तनं तयार करणारं सर्किट नाही, नाहीतर गती पडली नसती. मोटरच्या दांड्यावरची पुली ५० हर्ट्झची घ्या, ती व्यासाने सव्वापटीला थोडी कमी असते. ट्रान्सफॉर्मर राहू द्या, तो लागेलच. आणि पुली काढताना हातोडीचं नावही घेऊ नका. मोटरचा दांडा वाकला, तर भावाला पुन्हा फोन करावा लागेल.

प्रश्न : वॅलहाला असलेल्या माझ्या एलपी१२ वर स्ट्रोब डिस्क, म्हणजे गती तपासायची रेघांची चकती, ठेवली. एलईडीखाली रेघा दिसेचनात, स्विचबोर्डवरच्या लाल इंडिकेटरजवळ दिसल्या. पण त्या कधी हळूच पुढे सरकतात, कधी मागे. गती चुकतेय का? (नागपूर)

उत्तर : इंडिकेटर शोधलात हे झकास केलंत. तो निऑनचा दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, म्हणून ३३⅓ साठी डिस्कवर १८० रेघा असतात. बऱ्याच एलईडी दिव्यांत ती लुकलुक उरत नाही.

सरकतेय ती तबकडी नव्हे, तुमचा दिवा. वॅलहाला स्फटिकाच्या आधाराने स्वतःचे ५० हर्ट्झ बनवतं. ग्रिडमधली वीज मात्र ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान असावी असा नियम आहे, आणि ती तेवढी झुलत राहते. वीज ४९.९० वर आली की दर पाच सेकंदांनी एक रेघ पुढे जाताना दिसेल, ५० च्या वर गेली की मागे. मोटर थेट मेन्सवर चालत असती, तर दिवा आणि मोटर एकत्रच झुलले असते आणि रेघा तुम्हाला साळसूदपणे उभ्या दिसल्या असत्या.

रेघा सतत एकाच दिशेने आणि सेकंदाला एखादी अशा वेगाने पळत असतील, तर मात्र फरक एक टक्क्याचा झाला. मग पट्टा आणि पुली स्पिरिटने पुसून घ्या आणि मला पुन्हा लिहा.