नववीच्या मराठीच्या तासाला अभिरूप न्यायालय घ्यावं का?

तुम्ही विचारलंय, खटला चालवून नाटक-कथा शिकवल्या तर पोरं नुसता गोंधळ घालतील का? घालतील. तरी घ्या.

कोल्हापुरात चोवीस वर्षं मराठी शिकवतोय. इथली पोरं मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी वकिलांची आंदोलनं बघत मोठी झाली (ऑगस्ट २०२५ मध्ये बेंच झालं एकदाचं), त्यामुळे कोर्ट म्हटलं की काळा कोट आणायला पाच जण तयार.

मी गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ घेतलं. सुधाकर स्वतः वकील. वकिलीची सनद जाते, तिथून दारू. पुढे त्याच्या हातून मूल मरतं आणि मरणाच्या दारातली सिंधू त्याला वाचवायला फौजदाराला सांगते, मी पडले. नाटकात शेवटी सुधाकर विष घेतो; ते घेतलंच नाही असं धरून आम्ही त्याला पिंजऱ्यात उभा केला.

मरताना माणूस खोटं बोलणार नाही, या समजुतीवर मृत्युपूर्व जबानी पुरावा म्हणून चालते. एवढं सांगितल्यावर बचाव पक्ष खूश. सरकारी वकील होती शेवटच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी. काकाच्या कोटाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. तिनं फौजदाराला विचारलं, “बाई पडले म्हणाल्या आणि तुम्ही लिहून घेतलासा. जखम बघितलीसा काय?” तो बिचारा पानं चाळत राहिला. म्हणाला, “ह्यात न्हाई.” “मग मागं जावा,” ती म्हणाली आणि मारहाणीचा प्रसंग तिनं सगळाच्या सगळा वाचून काढला. वर्गात चिडीचूप. सिंधू झालेली मुलगी हळूच म्हणाली, “सर, मी खोटं का बोलले?”

१९१९ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाला नववीतली मुलगी हा प्रश्न विचारते, याहून मोठं रसग्रहण मला माहीत नाही. आमचे पर्यवेक्षक मात्र दारात उभे. “पोर्शन राहिलाय आणि इथं तमाशा?” शेरा वहीत. पोर्शन आठ दिवस उशिरा संपला, हे कबूल. पण स्वाध्यायाची उत्तरं गाइडातून उतरवणाऱ्या वर्गानं त्या आठवड्यात पुस्तक मागून पुढे, पुढून मागे वाचलं. पर्यवेक्षक सर, तुमच्या तासाला कोणी कधी मागचं पान उलटलं होतं का?

कसं घ्यायचं म्हणाल तर चार तासिका धरा. पान क्रमांक दिल्याशिवाय पुरावा मान्य नाही, हा एकच नियम कडक पाळा. भूमिका न मिळालेल्यांनी प्रत्येकी निकालपत्र लिहायचं. हातोडा आणू नका, आपल्या कोर्टात तो नसतो.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं: दारूचा विषय असेल तर कोणाच्या घरी काय चाललंय ते आधी माहीत करून घ्या. खोट्या खटल्यात खऱ्या माणसाची कशी चिरफाड होते, हे तेंडुलकरांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये दाखवलंय. एका मुलाला मी सुधाकर व्हायला सांगितलं, तो नको म्हणाला. मी कारण विचारलं नाही, त्याला कारकून केला.