सेमी-इंग्रजीच्या वर्गावर विज्ञान शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांची तयारी कशी करून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या संस्थेच्या शाळेत यंदा नुकतेच बी.एड. झालेले विज्ञान शिक्षक रुजू झालेत, त्यांना आठवी ते दहावीच्या सेमीच्या तुकड्या दिल्यात आणि मुलांचं इंग्रजी अगदी कच्चं आहे. या शिक्षकांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग लावावा का, असं विचारलंय. मी बरीच वर्षं सेमीला विज्ञान शिकवते आहे आणि सरावपाठांना येणाऱ्या छात्राध्यापकांना मार्गदर्शनही करते. माझं स्पष्ट मत असं की संभाषणवर्गावर पैसे घालवू नका. वर्गापुरतं इंग्रजी त्यांना येतं. त्यांनी आधी शिकायला हवं ते वेगळंच : मुलाला विज्ञान कळलेलंच नाही, की कळलंय पण इंग्रजीत मांडता येत नाही, हे ओळखायला.

मी त्यांना दोन उत्तरं तपासायला देते. दहावीच्या 'उष्णता' या धड्यात दवबिंदू तापमान येतं, त्यावरचा प्रश्न : बर्फाचं पाणी भरलेल्या पेल्याच्या बाहेरून थेंब का जमतात? एका मुलीने लिहिलंय, 'ग्लास कोल्ड. एअर टच ग्लास. एअर इन वॉटर कम आउट.' दुसऱ्या मुलाने दवबिंदूची पुस्तकातली व्याख्या शब्दन् शब्द उतरवलीय. पण त्यालाच मराठीत विचारलं तर तो सांगतो, 'पेल्यातलं पाणी झिरपून बाहेर येतं.' दोन गुणांपैकी कुणाला किती द्याल? बहुतेक नवे शिक्षक दुसऱ्याला पूर्ण गुण देतात आणि पहिलीच्या उत्तरावर लाल रेघ ओढतात. विज्ञान मात्र त्या मुलीला समजलंय. हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर येऊन पाणी झाली, हे तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलंय. या एका सरावावर दोन तास चर्चा झाली तरी होऊ द्या. मुलांच्या खऱ्या वह्या आणून असंच तपासायला लावलं तर फारच चांगलं.

पुढचा प्रश्न पाठाच्या क्रमाचा. नवा शिक्षक सहसा पुस्तकातली एक इंग्रजी ओळ वाचतो, तिचं मराठी सांगतो, मग पुढची ओळ. मुलं इंग्रजी ओळ कानाआड करतात, मराठीची वाट बघतात आणि परीक्षेआधी गाईड पाठ करतात. तासभर असं चाललं की विज्ञानही होत नाही आणि इंग्रजीही. मी क्रम उलटा करायला लावते. आधी स्टीलच्या एका पेल्यात बर्फाचं पाणी, दुसऱ्यात बर्फ घातलेलं कोकम सरबत. बाहेरचे थेंब लाल आहेत का, ते मुलांनी बोटाने पुसून बघायचं. पाणी झिरपलं असतं तर ते लाल नसतं का आलं? हा वाद जोडीजोडीने, मनसोक्त मराठीत. कल्पना पक्की झाली की फळ्यावर इंग्रजी संज्ञा, पाहिलेल्या गोष्टीशेजारी. मग एक पूर्ण वाक्य : 'द वॉटर व्हेपर इन द एअर कूल्स अँड कंडेन्सेस ऑन द ग्लास.' ते मुलांनी एकमेकांना म्हणून दाखवायचं आणि शेवटी स्वतःच्या वहीत लिहायचं. बोलण्याआधी लिहायला लावलं की नक्कल सुरू होते.

पाठ टाचणात उद्दिष्टं, साहित्य, मूल्यमापन हे रकाने असतातच. त्यात आणखी एक घालायला सांगा : आज मुलं कोणतं इंग्रजी वाक्य स्वतः बोलणार? यासाठी बोर्डाचे प्रश्न उपयोगी पडतात. 'शास्त्रीय कारणे द्या'ला 'बिकॉज' आणि 'देअरफोर' लागतं, 'फरक स्पष्ट करा'ला 'व्हेअरॅज', नियमांना 'इफ… देन' आणि 'डायरेक्टली प्रपोर्शनल टू'. मुलं अडतात ती बऱ्याचदा या जोडशब्दांवर. 'रिफ्रॅक्शन' त्यांनी पाठ केलेलं असतं, 'अनलेस' कुणीच शिकवलेलं नसतं. शिक्षकांना पुस्तकाचं एक पान द्या आणि असे शब्द अधोरेखित करायला सांगा. बालभारतीच्या संकेतस्थळावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही आवृत्त्या मोफत मिळतात; तयारी करताना दोन्ही शेजारी ठेवाव्यात.

मराठी म्हटलं की सगळं सोपं, असंही समजू नका. पुस्तकी मराठीचाही मुलांना अडसर होतो हे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या वि. गो. कुलकर्णींनी मुंबई महापालिकेच्या शाळांमधल्या कामातून दाखवलं होतं. 'अपवर्तनांक' हा शब्द कुठल्या घरात बोलला जातो? शिवाय तुमची शाळा मेळघाटात किंवा नंदुरबारकडे असेल, तर कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या मुलासाठी मराठी हीच दुसरी भाषा आहे. कोणत्या मुलाच्या घरी काय बोलतात, याची नोंद नव्या शिक्षकाने पहिल्याच आठवड्यात करावी.

किती वेळ लागेल, तेही शिक्षकांना खरं सांगा. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक मांडला. स्थलांतरित मुलांना बोलता यायला साधारण दोन वर्षं लागतात, अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात. आणि त्या मुलांच्या भोवती दिवसभर इंग्रजी असतं! आपल्या मुलांना ते तासापुरतं ऐकू येतं. म्हणून आठवीतलं मूल दिवाळीपर्यंत अस्खलित लिहीत नाही म्हणून शिक्षकाने त्याला 'ढ' ठरवू नये, आणि तुम्ही शिक्षकाला ठरवू नका.

वर्गनिरीक्षणाला जाल तेव्हा शिक्षकाचं इंग्रजी ऐकत बसू नका. प्रश्न विचारल्यावर तो किती थांबतो ते बघा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत पाहिलं की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि विचार केलेली येऊ लागतात. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या मुलाला त्याहून जास्त वेळ लागणारच. आणि वर्गात मराठी बोलल्याबद्दल शिक्षकाला बोल लावू नका. उलट पहिल्या घटक चाचणीत विज्ञानाची उत्तरं कुठल्याही भाषेत लिहायची मुभा मुख्याध्यापकांकडून मिळवून द्या. तेवढ्या उत्तरपत्रिका तपासल्या की कुणाला काय शिकवायचंय ते त्या शिक्षकांना नेमकं कळेल.