माइक समोर आला की गप्प

"मॅडम, घरात हिचं तोंड मिटत नाही. आणि तिथे स्टेजवर नेलं तर स्वतःचं नाव सांगता येईना! दिवाळीत सिंगापूरला चाललोय. तिथल्या पार्कात म्हणे सगळे शो असेच असतात, मुलांना बोलायला लावणारे. तोवर तिला तयार कराल का?"

शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल तेव्हाची गोष्ट. सात वर्षांची ओवी (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) आईच्या ओढणीआडून माझ्या टेबलावरचा मातीचा हत्ती न्याहाळत होती. बाबा पलीकडच्या खुर्चीत. मे महिन्यात हे तिघं एका थीम पार्कला गेले होते. तिथल्या शोमध्ये निवेदकाने ओवीला वर बोलावलं, ती गोठली आणि रडत खाली आली. काकांनी केलेला त्याचा व्हिडिओ 'आमची रडूबाई' अशा मथळ्याने घरच्या ग्रुपवर फिरला.

दर सुट्टीनंतर अशी दोन-तीन कुटुंबं माझ्याकडे येतात. पालकांना वाटतं, मुलात आत्मविश्वास कमी आहे. तिकिटाचे पैसे वाया गेल्याची बोचही असते, पण ती कुणी बोलून दाखवत नाही.

आधी मी काही गोष्टी विचारून घेतल्या. शाळेत बोलते का? बोलते, हळू आवाजात. दोन मैत्रिणी आहेत, बाईंना उत्तरं देते. हे विचारावंच लागतं. घरी बडबडणारं मूल शाळेत महिना-महिना अवाक्षर काढत नसेल (शाळेचा पहिला महिना सोडून), तर तो निवडक अबोलपणा असू शकतो. 2013 पासून त्याची गणना चिंतेच्या विकारांत होते आणि त्याचे उपचार वेगळे असतात. मोठे आवाज सोसतात का? आई हसली. ढोल-ताशाच्या सरावाला ही पुढे जाऊन उभी राहते. म्हणजे कानांचाही प्रश्न नव्हता.

उरला तो स्वभाव. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या जोडप्याने 1956 पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांना शंभरातली साधारण पंधरा मुलं सावकाश रुळणारी आढळली. नव्या ठिकाणी ती आधी काठावर उभी राहून बघतात, मग पाय बुडवतात. यात बिघडलेलं काहीच नसतं. पण शोमधला निवेदक त्यांना काठावर उभं राहायला वेळ देत नाही, आणि आपणही देत नाही.

तिसऱ्या भेटीत चित्र काढता काढता ओवीने खरं काय ते सांगितलं. त्या दिवशी तिने नाव सांगितलं होतं. माइकमध्ये ते आलं नाही. निवेदक म्हणाला, "ऐकू नाही आलं, सकाळी नाश्ता केला नाही का?" सगळे हसले.

"बाबापण हसला," ती म्हणाली.

हे बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "जोक होता हो तो." होताच. पण सात वर्षांच्या मुलीने गर्दीत आधी बाबाचा चेहरा शोधला होता. त्यांना मी एकच गृहपाठ दिला: ग्रुपवरचा व्हिडिओ काढायला लावा आणि काढल्याचं ओवीला सांगा.

यानंतर चूक झाली ती माझी. मी ओवीकडून एक वाक्य पाठ करून घेतलं, "माय नेम इज ओवी, आय ॲम फ्रॉम पुणे." आरशासमोर, आजीसमोर, वॉचमनकाकांसमोर झकास जमलं. गणपतीत सोसायटीच्या मांडवात जादूगार आला. त्याने नाव विचारलंच नाही, "तुझ्या खिशात काय आहे?" असं विचारलं. ओवी पुन्हा गोठली. मी उत्तर शिकवलं होतं. प्रश्न तर समोरच्याच्या हातात असतो.

मग दिशा बदलली. आधी शो कसा चालतो तेच तिला उलगडून दाखवलं. अनेक पार्कांत पडद्यावरचं कार्टून प्रेक्षकांशी खऱ्याखुऱ्या गप्पा मारतं. फ्लोरिडातल्या एपकॉटमध्ये 2004 साली एका कासवाचा असा शो सुरू झाला. पडद्यामागचा कलाकार प्रेक्षकांना बघत असतो आणि त्याच्या बोलण्याबरोबर कासवाचे ओठ हलतात. मुलं पुढे जमिनीवर बसतात, आईबाबा मागच्या बाकांवर. ही एवढीशी गोष्ट आपल्या लक्षात येत नाही, पण शो सुरू होण्याआधीच मूल आईपासून सुटलेलं असतं. अशा शोचे व्हिडिओ लावून आम्ही मध्येच थांबवायचो. आता हा काय विचारेल? चार-पाच व्हिडिओंत ओवीने मर्म पकडलं. "ह्याला उत्तर नकोच असतं. त्याला फक्त पुढचं गमतीचं बोलायचं असतं." माझ्या सगळ्या पुस्तकांहून हे नेमकं होतं. मराठीत उत्तर दिलं तरी चालेल, चुकीचं दिलं तरी त्याचं काम होतं, हेही तिच्या ध्यानात आलं.

जोडीला पायऱ्या. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्सने सशाला घाबरणाऱ्या एका लहानग्याची भीती अशीच घालवली होती. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा दुरून, थोडा थोडा जवळ आणायचा. आमचा ससा म्हणजे अनोळखी माणूस. पहिली पायरी पेशवे पार्कात: फुलराणीत बसायचं आणि रुळांबाजूच्या लोकांना हात करायचा. ही गाडी 1956 पासून धावतेय, तिच्यातल्या पोरांना हात करायला पुणेकर कधी कंटाळत नाहीत. मग भाजीवाल्या मावशींकडे कोथिंबीर मागायची. शेवटी पेठेतल्या दुकानात जाऊन पाव किलो बाकरवडी. (पुण्यातल्या दुकानदारासमोर ज्याचा आवाज फुटला, त्याला जगातला कुठलाही निवेदक सौम्य वाटेल.)

या सगळ्यात अवघड काम आईचं होतं. कुणी ओवीला काही विचारलं की मनात पाच आकडे मोजायचे, तोवर तिच्या वतीने बोलायचं नाही. "मॅडम, तीनवरच जीव जातो माझा," आई म्हणाली. पाच झाल्यावरही उत्तर आलं नाही, तर तोच प्रश्न सोपा करून विचारायचा: "जुडी हवी की अर्धी?" मावशींकडे "लाजते हो ती" म्हणायचं नाही, कारण ते ओवीही ऐकत असते.

आणि नकाराची खूण. शोमध्ये ओवीने आईच्या तळहातावर अंगठा दाबला तर त्याचा अर्थ 'आज नाही', आणि आईने हसून निवेदकाला हातानेच नाही म्हणायचं. बाबांना हे पटेना. "अशी सूट दिली तर ती कधीच पुढे जाणार नाही." त्यांची शंका रास्त होती, कारण दरवेळी पळवाट मिळाली की भीती वाढतेच. म्हणून एक अट घातली. अंगठा दाबला तरी शो सोडायचा नाही. जागेवरून टाळ्या वाजवायच्या, सगळ्यांबरोबर ओरडायचं. भाग घेणं तिथेच सुरू होतं. दार उघडं आहे हे कळलं की बहुतेक मुलं आतच थांबतात.

सिंगापूरहून आईचा व्हॉइस मेसेज आला. पहिल्या दिवशी दोन शो, दोन्हींत अंगठा. दुसऱ्या दिवशी तोच शो पुन्हा पाहिला, हा ओवीचाच हट्ट. या वेळी ती कडेच्या बाकावर बसली आणि तिने हात वर केला. व्हिडिओ नाही, बाबांनी मोबाइल खिशातच ठेवला होता.

नोव्हेंबरात ती आली तेव्हा मीच विचारलं, काय झालं गं?

"त्याने विचारलं, कुठून आलीस? मी म्हटलं, कोथरूड. तो म्हणाला, कोट्रुड. सगळे हसले." ती हत्तीची सोंड पुसत होती. "त्याला थ म्हणताच येत नव्हता. मग मी परत माइक मागितला."