जंगलातली हंगामी नोकरी आणि ‘स्टाफ क्वार्टर मोफत’

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. प्राणिशास्त्र घेऊन नुकतीच बी.एस्सी. झालेल्या आपल्या मुलीला ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळील एका रिसॉर्टमध्ये कनिष्ठ नॅचरालिस्ट (पाहुण्यांना जंगल आणि प्राणी समजावून सांगणारी) म्हणून ऑक्टोबर ते जून अशी हंगामी नोकरी मिळते आहे, ती जायला उतावीळ आहे, आणि मुलुंडचे घर सोडून तिने तिथे जाण्यात शहाणपण आहे का, असे आपण विचारले आहे. पत्रात पगाराचा आकडा दोनदा आला आहे. राहण्याच्या सोयीबद्दल मात्र ‘स्टाफ क्वार्टर मोफत’ एवढे तीनच शब्द आहेत. माझ्या मते निर्णय पगारापेक्षा त्या तीन शब्दांवर आणि पावसाळ्याच्या तीन महिन्यांवर ठरावा.

पावसाळ्यापासून सुरुवात करतो. ताडोब्याचे कोअर, म्हणजे गाभ्याचे, क्षेत्र दरवर्षी १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटनासाठी बंद असते. बफरमधील, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यातील, काही सफारी चालू राहतात, पण पाहुणे रोडावतात आणि रिसॉर्टला पूर्ण कर्मचारीवर्ग पोसणे परवडत नाही. म्हणून करार जूनअखेर संपतो, पगार थांबतो आणि खोलीही रिकामी करावी लागते. नोकरी गेली की त्याच दिवशी घरही जाते, हा अशा नोकऱ्यांमधला खरा धोका आहे, आणि ज्यांचे स्वतःचे घर दूर किंवा मुळातच अडचणीचे असते त्यांना तो फार जाचतो. आपल्या मुलीला मुलुंडला परत यायला जागा आहे, तेव्हा हा धोका तिच्यापुरता बराच बोथट होतो. मात्र ऑक्टोबरमध्ये पुन्हा बोलावणार की नाही, हे रिसॉर्टने जूनमध्येच लेखी सांगावे, असा आग्रह तिने धरावा. भविष्यनिर्वाह निधी कापला जाणार का, हेही विचारून घ्यावे. कापला जात असेल तर दर हंगामाला नवे नियुक्तिपत्र मिळाले तरी निधीच्या खात्याचा यूएएन क्रमांक एकच राहील, याकडे तिने स्वतः लक्ष द्यावे.

आता खोलीविषयी. एका खोलीत तिघी-चौघींनी राहणे मुंबईच्या मुलीला नवीन नाही. नवीन असते ते हे, की तिथे कामाची जागा, मेस आणि झोपण्याची जागा एकाच कुंपणात असते आणि ज्याच्याशी सकाळी वाद झाला तो वरिष्ठ रात्री शेजारच्या ताटावर बसलेला असतो. इथे आपण लोकलमध्ये चढलो की ऑफिस मागे पडते. तिथे ते मागे पडत नाही. दिवस पहाटे चारला सुरू होतो, सकाळची सफारी, दुपारची सफारी आणि रात्री पाहुण्यांबरोबर गप्पा असा तो लांबत जातो, मधल्या तीन-चार तासांत झोप घ्यायची असते, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना ती झोप पत्र्याच्या छपराखाली लागते की कूलर असलेल्या पक्क्या खोलीत, यावर मुलगी हंगाम पुरा करते की मध्येच सोडून परत येते, हे पुष्कळदा ठरते. उन्हाळ्यात पाणवठे आटले की उरलेल्या पाण्यावर वाघ हमखास दिसतात आणि शाळांना सुट्ट्या लागतात, म्हणून गर्दी नेमकी तेव्हाच असते. त्या काळात रजा मिळेल असे गृहीत धरू नये. एम.एस्सी.च्या प्रवेशपरीक्षा द्यायच्या असतील तर त्या दिवसांची रजा आधीच करारात लिहून घ्यावी.

मुलींसाठी स्वतंत्र क्वार्टर आणि स्वच्छतागृह आहे का, दाराला आतून कडी आहे का, रात्री मेसपासून खोलीपर्यंतच्या वाटेवर दिवा आहे का, हे प्रश्न विचारताना तिने संकोच करू नये. बफरमधल्या गावांत बिबटे फिरतात, तेव्हा दिव्याचा प्रश्न केवळ माणसांपुरता नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत २०१३च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. ती आहे का आणि तिच्यात कोण आहे, हेही विचारावे.

एक गोष्ट नोकरीच्या जाहिरातीत बहुधा नसते. ताडोब्यात सफारीच्या गाडीत वनविभागाचा नोंदणीकृत स्थानिक गाइड असावाच लागतो, आणि आजूबाजूच्या गावांतले हे स्त्री-पुरुष ते जंगल आपल्या मुलीपेक्षा कितीतरी अधिक जाणतात. रिसॉर्टचा नॅचरालिस्ट गाडीत जातो तो त्यांच्याबरोबर, आणि गाडीत जागा नसेल तर तो रिसेप्शनवर बसतो. आठवड्यात किती सफारींना तिला प्रत्यक्ष पाठवणार, हा पगारापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे. उत्तर समाधानकारक असेल तर जेवणखाण आणि भाडे वाचून हाती उरणारी रक्कम आणि त्या गाइडांच्या सहवासात मिळणारे शिक्षण, दोन्ही मुंबईतल्या पहिल्या नोकरीत मिळणार नाहीत.

तिच्या मैत्रिणीने सुचवलेल्या अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाविषयी थोडक्यात. तिथले हंगामी रेंजर हे संघराज्य सरकारचे कर्मचारी असतात आणि त्या जागा साधारणपणे अमेरिकी नागरिकांसाठीच असतात. परदेशी विद्यार्थ्यांना जे-१ व्हिसावर जास्तीत जास्त चार महिने मिळते ते काम उद्यानातली हॉटेले चालवणाऱ्या खासगी कंपन्यांचे, म्हणजे खोल्या साफ करणे, स्वयंपाकघर किंवा दुकानाचा काउंटर. वसतिगृहाचे भाडे आणि जेवण पगारातून कापले जाते. प्राणिशास्त्राशी त्याचा संबंध नाही, आणि ती सवलत शिक्षण चालू असलेल्यांसाठी आहे. त्यासाठी एजंटाला पैसे भरू नयेत.

माझे मत असे की तिने एक हंगाम जरूर करावा. दुसरा मात्र तिला पर्यटनातच राहायचे असेल तरच करावा. संशोधनाकडे किंवा एमपीएससीच्या वनसेवेकडे जायचे असेल, तर दोन वर्षे सफारीत घालवून अभ्यासाची सवय मोडते, आणि एम.एस्सी.चे वर्ग हंगामाच्या आधीच सुरू होत असल्यामुळे प्रत्येक हंगाम म्हणजे एक शैक्षणिक वर्ष. जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने तिने मुंबईत वाया घालवू नयेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक्रम आहेत, गोरेगावला त्यांचे संवर्धन शिक्षण केंद्र आहे, आणि मुलुंडच्या टेकड्यांना लागूनच बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची हद्द आहे; पावसाळ्यातले बेडूक आणि कीटक तिला घरापासून तासाभराच्या आत भेटतील. (ताडोब्याला जाणाऱ्या मुंबईकर मुलांपैकी बोरिवलीचे जंगल नीट पाहिलेले मला क्वचितच भेटतात.)

होकार कळवण्यापूर्वी तिने दोन दिवस मोहर्लीला जाऊन यावे, आपणही सोबत जावे, आणि रिसॉर्टने पाहुण्यांची कॉटेज देऊ केली तरी ती नम्रपणे नाकारून मुक्काम स्टाफ क्वार्टरमध्येच मागावा.

आपला,
करिअर मार्गदर्शक