चाळीस हजारांचा संकल्प आणि वर्षातून एकदा येणारी बिलं

प्रश्न : आम्ही ठाण्यात वाघबीळला राहतो. मी महापेला नोकरी करते, मिस्टर वागळे इस्टेटला. दोघांचे मिळून हातात 1,08,000 येतात. घरात सासूबाई आणि तिसरीतली, आठ वर्षांची मुलगी. गृहकर्ज 24 लाख बाकी, साडेआठ टक्के व्याज, 15 वर्षं उरलीत. खात्यात 1,60,000 आहेत, क्रेडिट कार्डावर 46,000 बाकी. नव्या वर्षापासून काटकसर करून महिन्याला 40,000 वाचवायचे ठरवले आहे. कामवाल्या बाई बंद करायच्या, स्कूटर विकायची. त्यातले 10,000 सोसायटीतल्या लिलावाच्या भिशीत, 10,000 एका 20 वर्षांच्या पॉलिसीत (एजंट म्हणतो मार्चच्या आत घ्या, 80सीच्या करवजावटीत बसेल), उरलेले 20,000 आणि खात्यातले सगळे पैसे कर्जात. हे बरोबर आहे का?

उत्तर : तुम्ही महिन्याचा हिशेब आणि दोन्ही खात्यांची वर्षभराची स्टेटमेंटं सोबत जोडलीत, त्यामुळे अंदाजाने बोलावं लागत नाही. आधी 40,000 आले कुठून ते पाहू. हप्ता 23,600, किराणा-भाजी-दूध-गॅस 17,000, शाळेची बस आणि क्लास 4,500, वीज-मोबाइल-इंटरनेट 3,900, बाई 2,500, प्रवास 5,000, सासूबाईंची औषधं 2,500, बाहेरचं खाणं 6,000, कार्डाचे किमान 3,000. बेरीज 68,000. पगारातून ते वजा केले की 40,000 उरतात. बेरीज चोख आहे. पण गेल्या वर्षीही हेच पगार आणि हेच खर्च होते. तरी खात्यातली शिल्लक जानेवारीत 1,20,000 होती ती डिसेंबरला 1,60,000 झाली, आणि वाढलेले 40,000 म्हणजे मिस्टरांचा दिवाळीचा बोनस. पगारातून वर्षभरात एक रुपया मागे पडलेला नाही.

पैसे गेले ते तुमच्या यादीत नसलेल्या बिलांत. स्टेटमेंटमधून ती वेचून काढली : शाळेची फी 72,000 (जून आणि नोव्हेंबर, अर्धी अर्धी), गणवेश-पुस्तकं 9,000, सोसायटीचा मेंटेनन्स दर तिमाहीला 10,500 म्हणजे 42,000, मालमत्ता कर 9,000, आरोग्य विमा 28,000, स्कूटरचा विमा आणि सर्व्हिसिंग 6,000, गणपतीला गावी जाणं आणि दिवाळी मिळून 45,000, मेमधली सहल 30,000, लग्न-मुंजींचे आहेर 15,000, घरातली दुरुस्ती 20,000, दात-डोळे-तपासण्या 12,000. एकूण 2,88,000, म्हणजे महिन्याला 24,000. यातलं एकही बिल अचानक आलेलं नाही. फक्त दर महिन्याला येत नाही म्हणून वहीत चढलं नाही.

म्हणजे खरी शिल्लक 16,000 होती, वर्षाचे 1,92,000. त्यातले 60,500 फोन आणि फ्रिजच्या हप्त्यांत गेले (ते नोव्हेंबरमध्ये संपले), 50,000 गावच्या घराच्या छपरावर. राहिलेले 81,500 महिन्याला 6,800 प्रमाणे शंभर-दोनशेच्या यूपीआयमध्ये गेले. कशावर, हे शोधत बसू नका, सापडणार नाही. त्याला मर्यादा कशी घालायची ते पुढे येतं.

आता काटकसरीकडे. बाई बंद करू नका. गेल्या तीन महिन्यांत अ‍ॅपवरून जेवणाच्या 31 ऑर्डरी आहेत. त्यातल्या 22 सोमवार ते शुक्रवार, रात्री साडेआठनंतरच्या, म्हणजे घणसोलीहून गाडी पकडून, ठाण्याला उतरून, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून तुम्ही घरी पोहोचता त्या वेळच्या. बाई गेल्या तर भांडी आणि केर-लादीही त्याच वेळेत येतील आणि 22 च्या 30 होतील. उलट त्याच बाईंना संध्याकाळच्या पोळ्या सांगा. 1,500 वाढवून द्यावे लागले तरी बाहेरच्या खाण्याचे 6,000 उतरून 2,000 वर येतील. महिन्याला 2,500 सुटतात, आणि रविवारचं हॉटेल तुमचं राहतंच.

स्कूटरही ठेवा. वाघबीळहून स्टेशन सात-आठ किलोमीटर, रिक्षाला मीटरने सव्वाशे-दीडशे होतात. स्कूटरला एका फेरीत वीस रुपयांच्या आसपास पेट्रोल लागतं. विकून एकदाच पंचवीस-तीस हजार येतील आणि पहिल्या पावसाळ्यातच रिक्षात जायला लागतील. लोकलचा मासिकऐवजी तिमाही पास काढलात तर दहा टक्के वाचतात. जरूर काढा, पण रक्कम इतकी लहान आहे की तिला काटकसरीच्या वहीत वेगळं पान नको.

कार्डाचे 46,000 मात्र या आठवड्यात, खात्यातल्या पैशांतून, एकरकमी भरा. तुमच्या स्टेटमेंटवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज छापलंय. म्हणजे 1,610, त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 1,900. तुम्ही भरता त्या 3,000 पैकी मुद्दलात जेमतेम 1,100 जातात. शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं. कार्ड वापरत नसतानाही बाकी फारशी हटत नाही, ती भरलेल्यातला मोठा भाग व्याजात जातो म्हणून. पूर्ण भरल्यावर पुढच्या बिलात मधल्या दिवसांचं थोडं व्याज येईल. तेही लगेच भरा, नाहीतर शे-दोनशेच्या शेपटीपायी चक्र पुन्हा सुरू होतं.

उरले 1,14,000. हे कर्जात घालू नका, निदान आत्ता नाही. तुमच्या घराचा न टळणारा खर्च 65,000 च्या घरात आहे. तीन महिन्यांचा धरला तरी हाताशी 2 लाख हवेत, कारण कर्जात भरलेला पैसा मागितला म्हणून परत मिळत नाही. मग सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं की तुम्ही पुन्हा त्याच कार्डावर. थांबण्याची किंमतही मोठी नाही. कर्ज साडेआठ टक्के, मुदत ठेव सहा धरली, तर लाखामागे वर्षाला अडीच हजारांचा फरक. हे पैसे पन्नास-पन्नास हजारांच्या ठेवींत ठेवा, म्हणजे गरज पडली तर एकच मोडते. ठेव सहकारी बँकेत करणार असाल तर त्या एका बँकेत सगळं मिळून प्रत्येकाच्या नावावर 5 लाखांच्या आत राहू द्या, ठेव विमा तेवढाच आहे.

पॉलिसीला नाही म्हणा. नवी करप्रणाली घेतलीत तर 80सीची वजावट मिळतच नाही. आणि तुम्हाला ती लागतही नाही : आर्थिक वर्ष 2025-26 पासून नव्या प्रणालीत पगारदाराला 12.75 लाखांपर्यंत कर पडत नाही आणि तुम्ही दोघंही त्याच्या आत आहात. अशा पॉलिसींचा परतावा साधारण पाच-सहा टक्के पडतो आणि पहिल्या काही वर्षांत बंद केली तर भरलेल्यातलाच बराच भाग जातो. मार्चची घाई एजंटाची आहे, तुमची नाही. विमा मात्र हवाच. 24 लाखांचं कर्ज आहे आणि मिस्टरांच्या नावावर साधा टर्म विमाही (मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना रक्कम देणारा) दिसत नाही. त्यासाठी महिना 1,500 बाजूला काढा आणि दोन-तीन कंपन्यांचे दर मागवा. तंबाखू असेल, आजार असेल तर फॉर्मवर लपवू नका. दावा नाकारला जातो तो बहुतेक त्यावरूनच.

भिशीबद्दल थोडं सावध सांगतो, कारण शेजारधर्म आड येतो. पंधरा जणांची लिलावाची भिशी म्हणजे दीड लाखाचा डाव. ज्याला नड आहे तो तोटा सोसून आधी उचलतो आणि शेवटपर्यंत थांबणाऱ्याला फायदा होतो, पण आधी उचललेल्यांनी पुढचे हप्ते भरले तरच. अशी भिशी म्हणजे कायद्याच्या भाषेत चिट फंड, आणि तो चालवायला 1982 च्या चिट फंड कायद्याप्रमाणे आधी सरकारची मंजुरी लागते. सोसायटीतल्या भिशीला ती बहुधा नसते, मग कुणी मागे हटलं तर तक्रार तरी कुठे करणार? मैत्रिणींसोबत हजाराची भिशी हौसेने लावा. 10,000 ची नको.

महिन्याची मांडणी आता अशी होते. चालू खर्च 62,500, वर्षाच्या बिलांसाठी 24,000, टर्म विमा 1,500, दोघांना हातखर्च प्रत्येकी 2,000, आणि बचत 16,000. लक्ष्य 40,000 वरून 16,000 वर आलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. गेल्या वर्षी ते शून्य होतं.

यासाठी एक वेगळं बचत खातं उघडा आणि त्याला यूपीआय जोडू नका. पगार झाला की लगेच 24,000 तिकडे जायला हवेत. मिस्टरांचा पगार 1 तारखेला आणि तुमचा 7 ला होतो. म्हणून कर्जाचा हप्ता त्यांच्या खात्यातून ठेवा आणि हे 24,000 तुमच्या खात्यातून 8 तारखेला लावा. पगाराच्या तारखेलाच ऑटो डेबिट लावलं आणि पगार एक दिवस उशिरा आला, तर व्यवहार परत जातो आणि बँक दंड कापते. यूपीआय फक्त हातखर्चाच्या खात्याला ठेवा. त्यातले 2,000 संपले की महिना संपला. वर म्हटलेले 6,800 इथेच अडतात.

या खात्याची खरी परीक्षा पहिल्या सहा महिन्यांत आहे, कारण ते शून्यावरून सुरू होतं. जूनअखेर जमा 1,44,000. खर्चात जानेवारी आणि एप्रिलचा मेंटेनन्स 21,000, मार्चमध्ये आरोग्य विमा 28,000, सहल 30,000, जूनची फी 36,000, गणवेश-पुस्तकं 9,000, मालमत्ता कर 9,000. झाले 1,33,000. उरतात 11,000. कर जूनच्या पुढे ढकलू नका. एकरकमी आणि लवकर भरणाऱ्याला महापालिका सूट देते, आणि थकला तर महिन्याला दोन टक्के शास्ती चढते. गणपतीच्या गाडीचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा तिकिटाचे पैसे जुलैतच खात्यात हवेत. तो दिवस हुकला की ट्रॅव्हल्सवाला सांगेल तो भाव.

बचतीचे 16,000 जूनपर्यंत सगळे गंगाजळीत, म्हणजे वरच्या 1,14,000 च्या ठेवींत घाला, ती 2,10,000 होईल. मुलीचं सुकन्या समृद्धी खातं मात्र आत्ताच 250 रुपये भरून उघडून ठेवा, दहा वर्षं पूर्ण झाल्यावर ते उघडता येत नाही. जुलैपासून त्यात 6,000 टाका. व्याज महिन्याच्या 5 तारखेनंतरच्या किमान शिल्लकीवर मिळतं, म्हणून ही रक्कम 7 च्या पगारातून नको, मिस्टरांच्या 1 च्या पगारातून जाऊ द्या. राहिलेले 10,000 साठवत चला. डिसेंबरपर्यंत 60,000 आणि दिवाळीचा 40,000 बोनस मिळून 1 लाख होतात, ते कर्जात भरा. बदलत्या दराच्या गृहकर्जावर आगाऊ भरणाऱ्याला दंड नाही. मात्र हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायला सांगा आणि तसं लेखी घ्या. तेव्हा भरलेला 1 लाख शेवटचे साधारण 13 हप्ते उडवतो, म्हणजे 3 लाखांच्या वर. तुम्हाला कर्जाच्या व्याजावर करसवलत घ्यावी लागत नाही, म्हणून तुमच्यापुरते हे साडेआठ टक्के पूर्ण वाचतात. एसआयपीचं (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याचं) त्यानंतर पाहू.

30 जूनला दोन आकडे तपासा : वर्षाच्या खात्यात 11,000 च्या आसपास आणि ठेवींत 2,10,000. पहिला कमी भरला तर नोव्हेंबरच्या फीआधी दिवाळीचा खर्च उतरवा, ठेव मोडू नका. दुसरा कमी भरला तर सुकन्याचे 6,000 चालू ठेवा आणि कर्जाचे 10,000 ती भरेपर्यंत गंगाजळीत घाला.